गोदूआजीला सरकारी गाडी मिळते

एका जंगलात, बालमित्रांनो, सगळ्यांकडे गाड्या होत्या. सिंहमहाराजांकडे तर दोन होत्या. एक गुहेतून झऱ्यावर जायला आणि दुसरी झऱ्यावरून गुहेत यायला.

गाड्या धूर सोडत. धूर वर जाई. वर झाडाच्या शेंड्यावर हुप्पाजी वानर राही. तो पहाटे ‘हुप्प’ करायला तोंड उघडी आणि ‘खॉक’ असा आवाज येई.

“अहो, नीट बोला,” वानरीण म्हणे. “पोरं घाबरतात.”

शेवटी हुप्पाजी दरबारात गेला.

“महाराज, धूर आवरा. दिवाळी आली तरी उन्हाळा हटत नाही. शेंड्यावर बसलं की बूड भाजतं.”

महाराज दयाळू होते. त्यांनी ताबडतोब समिती नेमली. कोल्हा, रानडुक्कर आणि तरस. धूर कुठून येतो हे शोधायला तिघे निघाले. तीन गाड्यांतून. एकाच गाडीत बसले असते, तर एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

वळणावर सगळ्या गाड्या अडकल्या होत्या. इंजिनं चालू, भोंगे चालू, धूर नुसता मी म्हणत होता. कोल्हा उतरून पुढे गेला. बघतो तर रस्त्याच्या मधोमध गोदूआजी कासवीण चालली होती. तळ्यावर, बहिणीकडे.

“आजी, कडेनं चाला की!”

“कडेला तुमच्या गाड्या लावल्यात, बाबा.”

कोल्ह्याने पुढे पाहिले, आजी. मागे पाहिले, धूर. तो आनंदाने ओरडला, “सापडलं!”

आजीला दरबारात उभे केले.

“महाराज, ही चालते म्हणून गाड्या थांबतात,” कोल्हा म्हणाला. “गाड्या थांबतात म्हणून धूर साचतो.”

“पण माझ्यातून कुठं धूर निघतो?” आजी म्हणाली.

तरसाने तिला हुंगले. “सध्या तरी नाही,” तो म्हणाला.

हुप्पाजीला राहवेना. “महाराज, उलट सगळ्यांनीच आजीसारखं चालावं!”

दरबार इतका हसला की रानडुकराला ठसका लागला.

“सगळेच चालले, तर बिचाऱ्या गाड्या कुठे जातील?” महाराजांनी विचारले.

हुप्पाजी खोकतच शेंड्यावर परतला.

मग आजीला सरकारी गाडी मिळाली. आजीचे पाय पोहोचेनात, म्हणून अस्वल चालक मिळाला. अस्वलाला कामावर यायला आणखी एक गाडी मिळाली.

दुसऱ्या दिवशी वळणावर सगळे पुन्हा अडकले. पण आता रस्त्यावर कोणीच चालत नव्हते. त्यामुळे धुराचे कारण सापडेना. ज्याला कारण नाही ते नसतेच, असे समितीने जाहीर केले.

त्या आनंदात भव्य मोटारफेरी निघाली. मानाची म्हणून आजीची गाडी सगळ्यांत पुढे. तीही वळणावरच्या गाड्यांमागे अडकली. काचेतून समोरच तळे दिसत होते. काठावर आजीची बहीण मान उंच करून वाट बघत होती.

“मला उतरू दे रे,” आजी म्हणाली. “चालत गेले तर आत्ता पोचेन.”

अस्वलाने घाईघाईने काच वर केली.

“हळू बोला, आजी,” ते कुजबुजले. “महाराज मागच्याच गाडीत आहेत.”

तात्पर्य: पायी चालणे सोडून जंगलात सगळे चालते.