जनूकाका आणि सतरा नंबरचं मशीन

जनूकाकांसमोर पेनड्राइव्ह काढलात तर ते आधी नाक धरतात आणि मग तुमच्याकडे दयेने बघतात. "उष्टा चमचा हाय तो," म्हणतात. "चाळीस तोंडांत एकच चमचा? आमच्या लॅबमधी नाय चालत." आमच्या पेणच्या कॉलेजात नव्याने आलेले एक सर यावर हसले. काकांनी त्यांचा पेनड्राइव्ह चिमटीत धरून व्हरांड्यात नेला आणि चपलांशेजारी ठेवला.

कागदोपत्री काका कॉम्प्युटर लॅबचे परिचर, म्हणजे शिपाई. शिक्षण सातवी. त्याआधी पंचवीस वर्षं ते गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढत होते. कारखाना सुटला, साचा सुटला नाही. "काय गो, साचा बरा हाय ना?" ही त्यांची खुशाली विचारायची रीत. मी जांभई दिली की म्हणणार, "आज साचा ओला दिसतो."

एका जुन्या सरांनी त्यांना नेटवर्कवरून मशीन सुरू करायला शिकवलं होतं. मशीनची डिस्क कोरी असली तरी बटण दाबल्यावर ते केबलमधून हाक मारतं: मला एक पत्ता द्या आणि सुरू व्हायला एक फाइल द्या. कपाटातलं एक जुनं मशीन त्याला दोन्ही देतं, आणि मग सगळी सिस्टिम त्याच केबलमधून येऊन डिस्कवर बसते. सर समजावत होते तेव्हा काका मध्येच ओरडले म्हणे, "अवो, हा तर साचा! एक साचा, चाळीस मूर्ती!" त्या दिवसापासून कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला नसली तरी गळ्यात असते.

एक गोष्ट मात्र ते साच्यावर सोडत नाहीत. शेवटी मशीनचं नाव विचारलं जातं, ते काका स्वतः घालतात, एका बोटाने, चाळीस वेळा. नंबर आपोआप देता येतात असं मी कितीदा सांगितलं. "डोळं साच्यातून येत नाय गो. डोळ्यांची आखणी हातानीच." नावंही कशी, तर चंपा, निर्मला, यशोदा, रमाकांत. पोरं म्हणायची, काकांच्या जुन्या मैत्रिणी आहेत. मग हा रमाकांत कोण, यावर पोरांचे दोन तट होते. काका नुसते मिशीत हसायचे.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण पुढे लागेल. आम्ही धरमतरच्या खाडीकाठचे. आईबाप मिठागरावर. डोक्यावर मिठाची टोपली, आणि पायाला अशा भेगा की आई रात्री त्यात मेण भरायची. घरात एकीलाच कॉलेजात ठेवणं जमणार होतं. सुनंदाताई माझ्याहून हुशार, पण ती मोठी. याच पेणच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना एके दिवशी तिने दप्तर माझ्यापुढे ठेवलं आणि आईबरोबर मिठावर गेली. म्हणून मी शिकले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. याच कॉलेजात आज मी लॅब असिस्टंट आहे.

ताई लग्न होऊन रोह्याला, अष्टमी गावात गेली. तीन वर्षांपूर्वी तिने हट्टाने पुन्हा नाव घातलं. सासू अंथरुणाला, लहान मुलगी, तरी एस.टी.ने यायची. तिची एकच तक्रार: "काका मला दरवेळी त्याच सतरा नंबरवर बसवतात गो, गळक्या एसीखाली! दुसरीकडं बसले तर उठवतात."

यंदा तिची शेवटची प्रॅक्टिकल होती, सोमवारी. आणि परीक्षेच्या तोंडावर आमची जुनी मशीन जाऊन नवी चाळीस आली, कोऱ्या डिस्कची. शनिवारी दुपारी तीनला तपासणीवाले येणार होते. चाळीसच्या चाळीस चालू दिसली नाहीत तर केंद्र पनवेलला. सकाळी आठला पनवेल गाठणं ताईला शक्य नव्हतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "नाय झालं तर नाय झालं. सवय हाय." मला ते फार लागलं.

शुक्रवारी सकाळी काकांनी कपाटाला उदबत्ती दाखवून पहिलं मशीन सुरू केलं. त्याने पत्ता घेतला, फाइल घेतली, 'फाइल व्यवस्थित मिळाली' असं पडद्यावर लिहिलं आणि परत 'कशावरून सुरू होऊ?' विचारणाऱ्या पहिल्या यादीवर जाऊन बसलं. दुसरं तसंच. तिसरंही तसंच.

"हा कसला पावणा?" काका भडकले. "ताट घेतो, छान हाय म्हणतो, आन न जेवताच उठतो!"

"काका, ही नव्या पद्धतीची मशीन आहेत. यांना सुरुवातीची फाइलच वेगळी लागते."

"याच फाइलीनी चाळीस मशीन उभी केली मी. साच्यात खोट नाय. मालात हाय."

दुपारपर्यंत त्यांनी केबली बदलल्या, स्विच पुसला, एका मशीनला तर हळूच चापट मारली. सर पेनड्राइव्ह घेऊन दाराशी आले आणि काकांचा चेहरा बघून तसेच वळले. पेनड्राइव्हने चाळीस मशीन एकामागून एक करायची तर शनिवारची तीन ही वेळ तशीही गाठता आली नसती.

शेवटी मी त्यांच्याच भाषेत बोलले. "काका, बैठ्या गणपतीच्या साच्यात उभा गणपती निघेल का?"

काकांनी हातातली केबल खाली ठेवली.

"ही मशीन हाक मारतानाच सांगतात, मी नव्या प्रकारचं आहे. आपलं कपाट ते ऐकतच नाही. येईल त्याला बैठाच साचा देतं."

काकांनी एकदा कपाटाकडे बघितलं. मग किल्ली गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. मी इथे लागल्यापासून सात वर्षांत पहिल्यांदा. "उघड. त्याला ऐकायला शिकव."

मी कपाटाला दोन साचे ओळखायला शिकवलं. आता मशीन फाइल घेऊन पुढे निघालं, आणि दुसऱ्याच पायरीवर लाल चौकट: सुरक्षेचा भंग. नव्या मशीनमध्ये दारवान असतो, फाइलीवर ओळखीचा शिक्का नसेल तर तो आत सोडत नाही. दारवान बंद करता येतो, सगळे करतात. मी बोट पुढे केलं.

"थांब गो! राखणदाराला झोपवून घरात शिरायचं? चोर हाव का आपण? शिक्क्याची फाइल शोध."

शोधली. सिस्टिमच्या सामानातच ती पडली होती, आम्हीच वापरत नव्हतो. संध्याकाळी पाचला पहिलं मशीन जेवायला बसलं. काकांनी सगळ्यांना चहा पाजला, पेनड्राइव्हवाल्या सरांनासुद्धा.

शनिवारी सकाळी चाळीस मशीन ओळीने नाव विचारत थांबली. काकांचं एक बोट आणि हातात पाच तास. मी म्हटलं, तुम्ही टाइप करा, मी वाचते. त्यांनी नाइलाजाने खिशातली वही दिली. मी वाचू लागले. प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात काहीतरी होतं, ते मी आधी वाचलंच नाही. चंपा. निर्मला. रमाकांत. मग सतरा.

'सुनंदा. पहिलं वर्ष. मिठावर गेली.'

हे नाव मी सतराच्या पडद्यावर कितीदा पाहिलं होतं, पण सुनंदा काय, घरोघरी असतात, असंच धरलं होतं. मी मागची पानं चाळली. 'चंपा. दुसरं वर्ष. लगीन.' 'रमाकांत. बाप वारला, नागोठण्याला कंपनीत.' आणि अगदी वर, कपाटातल्या मशीनपुढे: 'जनार्दन. सातवी.'

"वाच ना गो," काका पडद्यावरून नजर न हटवता म्हणाले.

"काका, ही आमची..."

"व्हय. माल बरा होता. आखणीआधीच उचलून नेली." त्यांनी बोटाने एकेक अक्षर शोधत सुनंदा लिहिलं. "निदान नाव तरी बसू दे लॅबमधी."

मी वेड्यासारखं विचारलं, "माझं नाव नाही यात?"

"तुझा कशाला? तू झालीस ना पुरी!" ते खेकसले. "पुढचा वाच. तीन वाजतील."

तीनला दहा मिनिटं कमी असताना चाळिसावं मशीन उभं राहिलं. केंद्र पेणलाच राहिलं. सोमवारी ताई आली, आणि काकांनी तिला गळक्या एसीखाली सतरा नंबरवर बसवलं. ती कुरकुरली. मी एसीखाली बादली सरकवली.

निकालाच्या दिवशी ताईआधी काका लॅबमध्ये हजर होते. गुणपत्रिका त्यांनी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. मग सतरा नंबरवर बसले आणि एका बोटाने तिचं नाव एकेक अक्षर पुसलं.

आता आमच्या घरात दोन पदवीधर आहेत. आणि त्या मशीनचं नाव नुसतं सतरा आहे.