भेरेआप्पांची मोजणी

सिनेमा बघायला येताना भेरेआप्पा बॅटरी घेऊन येतात. शहापुरातल्या आमच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्ही कादंबरीवरून काढलेला एखादा सिनेमा दाखवतो. खिडक्यांना चादरी बांधतो, पडदा लावतो. बाकीचे पडद्याकडे बघतात. आप्पा मूळ कादंबरी मांडीवर उघडून, बॅटरीच्या उजेडात एकदा पान आणि एकदा पडदा बघत बसतात. सिनेमा पुस्तकाला सोडून जरा इकडेतिकडे गेला की अंधारातून आरोळी येते, "बांध सरकवला!"

आप्पांची सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत त्यांनी साखळी ओढली नाही असं शिवार सापडणं कठीण. दरवर्षी नांगरता नांगरता वीतभर बांध शेजाऱ्याच्या अंगावर ढकलणारे लोक त्यांनी पकडले. निवृत्त झाल्यावर शेतकरी सुटले आणि सिनेमावाले तावडीत सापडले.

एका सिनेमात नायिकेला उगाच एक मामा दिला होता. आप्पा उभेच राहिले. "ह्यो मामा कुठून आला? ह्याचं सातबाऱ्यावर नाव नाय!" त्यानंतर मामा दिसला की सगळा हॉल "नाव नाय!" म्हणून ओरडायचा. मामा बिचारा शेवटी भाचीसाठी जीव देतो, तर लोकांनी त्यावरही टाळ्या वाजवल्या.

मी इथली ग्रंथपाल. भांडायची मला हौस आहे. मी म्हटलं, "आप्पा, सहाशे पानं दोन तासांत कशी बसणार? काहीतरी गाळावं लागणारच."

"नकाशा केवढा असतो गो? हातभर. पन तुझी विहीर त्यात जागेवरच असते ना? कागद लहान हाय म्हणून मी ती शेजाऱ्याच्या शेतात नाय काढत."

मी चहा सांगितला.

पुस्तक नेताना ते माझ्यासमोर पानं मोजायचे, परत देताना पुन्हा मोजायचे. पान फाडणाऱ्या माणसाला ते जी शिवी द्यायचे ती मी इथे लिहू शकत नाही.

हे सगळं वाचन एकट्यासाठी नव्हतं. आप्पांचं घर खर्डीला. संध्याकाळी ओटीवर जनाकाकू वाल सोलत, तांदूळ निवडत बसायच्या आणि आप्पा मोठ्याने वाचायचे. काकूंना अक्षर येत नव्हतं. त्यांची सगळ्यात लाडकी कादंबरी धरणाखाली गेलेल्या एका गावाची, त्यातल्या मंगी नावाच्या लहान मुलीची. लावणी उरकली की दरवर्षी आप्पा ती न्यायला येणारच. "घरून मागणी हाय," म्हणायचे, आणि जरा लाजायचे. गेल्या दोन वर्षांपासून काकू गावातल्या शाळेत साक्षरता वर्गाला जायला लागल्या. मी आप्पांचं अभिनंदन केलं तर ते म्हणाले, "चांगलंच हाय," आणि छत्री विसरून निघून गेले.

यंदा त्याच कादंबरीवरचा सिनेमा मी ठरवला. मला वाटलं, आप्पा खूश होतील. आप्पा म्हणाले, "हा लावू नको."

"का? बांध सरकवलाय?"

"मोप सरकवलाय."

मी सिनेमा बघितलेला होता. एक वाक्य इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, पडदा मळलाय, धुवायला टाक. मग म्हणाले, रविवारी लाईट जाणार आहे. मला चेव चढला. मी शहापूरभर पाट्या लावल्या, एक खर्डीलाही, स्टेशनाबाहेरच्या दुकानावर.

त्याच आठवड्यात ती कादंबरी कपाटातून काढली, तर शेवटची चौदा पानं गायब. सफाईने, पट्टी धरून फाडलेली. कार्डावर शेवटचं नाव आप्पांचं होतं, त्याच्या आधीचंही आप्पांचंच. आणि यंदा परत देताना त्यांनी पानं मोजलीच नव्हती. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! रविवारी सगळ्यांसमोर पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, आप्पा, पानं मोजा. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

रविवारी आप्पांच्या आधी जनाकाकू आत आल्या. ठेवणीतलं लुगडं, डोक्यात अबोली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "पाटी वाचली गो मी," त्या म्हणाल्या. "मी स्वताच्या डोळ्यानं वाचली. हे बोलले नायत मला." मागे आप्पा उभे. हातात बॅटरी नव्हती.

सिनेमा सुरू झाला. आरोळीची वाट बघत लोक वळून वळून आप्पांकडे बघत होते, तर ते पायांकडे बघत बसलेले. पडद्यावर मंगीला ताप भरला. गावात दवाखाना नाही. झोळी करून तिला घेऊन निघाले, नदीला पाणी, पलीकडे जाता येईना. आणि नदीच्या अलीकडेच मंगी गेली.

हॉलमध्ये काकू उभ्या राहिल्या. "बांध सरकवला!"

कोणीतरी हसलं. काकूंनी पडद्याकडे बोट केलं. "पोरगी जगते! पुस्तकात जगते. होडी मिळते, पलीकडं जाते. दरवर्षी ऐकलंय मी. ताई, तू पुस्तकवाली, सांग ह्या लोकांना."

पुस्तक माझ्या हातातच होतं. पुस्तकात मंगी जगत नाही. मी ते पाच वेळा वाचलंय. मी आप्पांकडे बघितलं. आयुष्यभर लोकांची हद्द ठरवणारा माणूस माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता.

"जगते काकू," मी म्हटलं. "सिनेमावाल्यांनी बदललं."

"दाखव. मला वाचाया येतंय आता."

मी पुस्तक शेवटाला उघडलं. फाटलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. "कुनी फाडलं गो? हात झडो मेल्याचा!"

आप्पा अगदी हळू म्हणाले, "चल जने. रिक्षा जाईल."

तीन दिवसांनी आप्पा आले. जुन्या नकाशांच्या कापडी पिशवीतून त्यांनी घडी केलेली पानं काढून टेबलावर ठेवली. "मोजून घे. चौदा."

मी मोजली नाहीत.

"मुरबाडला बदली होती तवा," ते म्हणाले. "आमची सुमी. सात वर्साची, तिला असाच ताप भरला. मी पलीकडच्या गावाला मोजणीला. ओढ्याला पाणी आलं, मला येता आलं नाय. जनीनं एकटीनं झोळी केली, तरी नाय जमलं. दोन पावसाळे बाई बोलली नाय. मग मी पुस्तक आणलं, म्हटलं वाचून दाखवू. मला काय म्हाईत शेवटाला काय हाय? वाचत वाचत तिथं आलो. ती वाल सोलायची थांबली. आता दोनदा कशी मारू गो पोरीला? होडी आणली नदीवर. त्या दिसापासून जनी बोलायला लागली."

मला रडू आलं. आप्पांनी पिशवीत पुन्हा हात घातला आणि मोजणीच्या कागदाचा एक पिवळा पडलेला ताव काढला. "ह्यो पन ठेव. घरात आता ठेवायला जागा नाय, तिला वाचता येतं. आमी दोघं गेलो की पानं जागेवर चिकटव. हद्द ती हद्द."

ते गेल्यावर मी ताव उलगडला. दरवर्षी गोष्ट संपली की काकू विचारायच्या, पुढं काय झालं? पुढच्या वर्षी सांगताना चूक होऊ नये, म्हणून आप्पांनी बारीक, सरळ अक्षरात टिपून ठेवलं होतं. एका वर्षाची एक ओळ. मंगी बरी झाली. मंगी शाळेत गेली. मंगी सातवी पास. मंगीचं लग्न ठरलं, मुलगा मुरबाडचा. मंगीला मुलगा झाला, नाक आजीसारखं.

शेवटची ओळ पेन्सिलीची होती. मंगी माहेरी आली. आईला पाटी आणली. रोज संध्याकाळी ओटीवर बसून आईला शिकवते.