कडोदऱ्याची कानबाई

चेहरा नको, असं उद्घाटनाची सजावट ठरवणाऱ्या हेतलबेनने सुकदेव माळीला परतपरत बजावलं होतं. सुरतेजवळ कडोदऱ्याच्या नव्या कापड मार्केटच्या चौकात छतापासून फरशीपर्यंत नुसती फुलांची साडी हवी होती. नेसलेली साडी, पण आत बाई नाही. "खाली साडी, सुकदेवभाई," ती म्हणाली होती, "अंदर कौन है, वो देखनेवाला सोचेगा."

सुकदेवच्या डोक्यात ते नीटसं शिरलं नव्हतं, पण तो हरखला होता. लग्नाचे मंडप, नवरदेवांच्या गाड्या आणि पुढाऱ्यांचे हार यांत त्याची उमेद गेली होती. लोक जेवून घरी जात, फुलं सकाळी झाडूखाली जात, आणि हे काम कुणाच्या हातचं असं आजवर एकानेही विचारलं नव्हतं. धुळ्याकडून येऊन लिंबायतमध्ये स्थिरावलेला हा माणूस साऱ्या सुरतेला 'फूलवाला' म्हणूनच ठाऊक होता. इथे मात्र साडीशेजारी पाटी लागणार होती: 'सुकदेव माळी, फ्लोरल आर्टिस्ट'. त्याने पाटीचा फोटो बायकोला दाखवला. उज्ज्वलाने तो कौतुकाने पाहिला आणि उद्घाटन कधी ते विचारलं. रविवारी म्हणताच तिचा चेहरा पडला, कारण तो श्रावणातला कानबाईचा रविवार होता.

कानबाई म्हणजे खानदेशी घरांचा जीव. नारळाला नथ घालून, साडी नेसवून देवी बसवायची, रोट भाजायचे, गाणी म्हणत जागायचं आणि सोमवारी वाजतगाजत पाण्यावर न्यायची. तोवर तिला जागची हलवायची नाही. दरवर्षी नारळ सजवायचा मान सुकदेवचा. यंदा तो पाटीच्या नादाने कडोदऱ्याला निघाला आणि उज्ज्वलाने अबोला धरला.

शनिवारी काम झकास जमत गेलं. लोखंडी सांगाड्यावर निशिगंधाच्या निऱ्या पडल्या, झेंडूचा काठ आला, गुलाबाचा पदर आला. घोळ झाला तो वरच्या टोकाला. पदर जिथून खाली यायचा तिथे फुलं खोवायच्या स्पंजचा गोळा लावला होता. ओल्या गुलाबांच्या वजनाने तो दबला आणि पदर खांद्यावरून घसरल्यासारखा दिसू लागला. तिथे काहीतरी गोल आणि टणक हवं होतं. सुकदेवच्या पिशवीत नारळ होता. कुठल्याही कामाआधी तो नारळ फोडायचाच, पण नव्या संगमरवरावर डाग पडतील म्हणून वॉचमनने फोडू दिला नव्हता. तोच नारळ त्याने तारेने टोकाला बांधला. पदर ताठ उभा राहिला.

इथेच सुकदेवने शिडीवरून उतरायला हवं होतं. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला हेच सांगत राहिला. पण नारळावर शेवंती लावूनही समोरची थोडी जागा उघडी राहिली, आणि कानबाईच्या आदल्या दिवशी नारळाची ती बोडकी जागा त्याला बघवेना. त्याने मोगऱ्याच्या कळ्या तारेत ओवून एक नथ केली आणि नुसतं बघायचं म्हणून अडकवली. नथ इतकी शोभली की काढवेना. मग नथ आहे आणि डोळे नाहीत, हे बरं दिसेना. डोळे झाल्यावर कपाळ मोकळं कसं ठेवायचं, म्हणून गुलाबाच्या पाकळीचं कुंकू आलं. सकाळी हेतलबेन यायच्या आत सगळं काढून टाकू, असं त्याने मनाशी ठरवलं आणि समाधानाने घरी गेला.

सकाळी तो ताजे गुलाब घेऊन पोचला, तेव्हा चौकात झाडू आडवा पडला होता आणि त्याच्याशेजारी रंजनाही आडवी पडली होती. ही मार्केटची झाडलोट करणारी बाई, अमळनेरकडची. ती साष्टांग नमस्कार घालत होती. उठली ती डोळे पुसतच. मार्केटात कानबाई आल्याचं तिने फोनवरून बहुतेक सगळ्यांना कळवून टाकलं होतं.

सुकदेव तिला समजावू लागला, तोवर पलसाण्याच्या डाइंग मिलमधल्या बाया आल्या. मागोमाग लूमवाल्यांच्या घरच्या आल्या. कुणी हळद आणली, कुणी खण आणला, एकीने तर घरी भाजलेले रोटच उचलून आणले. ठेवायला जागा दिसेना, म्हणून तिने शेजारची पाटी स्टँडवरून काढून आडवी केली आणि तिच्यावर रोट मांडले. 'फ्लोरल' तेवढं बाहेर राहिलं, बाकीचा सुकदेव रोटांखाली गेला.

हेतलबेन आली आणि दारातच थांबली. तिने सुकदेवला बाजूला घेतलं. ती रागावली नाही, फक्त फार दमल्यासारखी म्हणाली, "सुकदेवभाई, वो चहेरा निकालो ना, प्लीज."

सुकदेव शिडी चढला. गाणी बंद पडली. खाली पाहिलं तर शिडीच्या पायथ्याशी उज्ज्वला उभी होती. तिलाही निरोप गेलाच होता. ती एकटक नथीकडे बघत होती. सुकदेवने हात नथीपर्यंत नेला, तिथली एक शेवंती उगाच सरळ केली आणि खाली उतरला.

संध्याकाळी मार्केटचे मालक शेठ आले, सोबत पाहुणे आणि फोटोवाले. चौकात फुगड्या चालल्या होत्या. हेतलबेनने डोळे मिटून घेतले. पण शेठने चपला काढल्या, हात जोडले आणि कुठल्या माताजी म्हणून चौकशी केली. मार्केट उघडायच्या दिवशीच देवी आली म्हटल्यावर त्यांना भरून आलं. फीत तशीच राहिली, आरती झाली. मग शेठ वळले आणि त्यांनी मोठ्याने विचारलं, "ये किसने बनाया?"

जन्मभर ज्याची वाट पाहिली तो प्रश्न सुकदेवच्या पुढ्यात उभा होता. "बोल दो ना," हेतलबेन कुजबुजली. तो एक पाऊल पुढे झालाही. तेवढ्यात सरलाबाई नावाच्या म्हातारीने त्याचा दंड धरला. गुडघ्यांमुळे तिला यंदा गावी जाता आलं नव्हतं. रडून तिचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा उजळला होता.

"माले गावले जाता उनं नही, भाऊ," ती म्हणाली. "मंग तीच आठे उनी."

सुकदेवने तिच्याकडे पाहिलं, मग रोटांखालच्या पाटीकडे पाहिलं.

"किसीने नहीं बनाया, शेठ," तो म्हणाला. "अपने आप आई."

बायांनी एकच जयजयकार केला. हेतलबेन कपाळाला हात लावून बाहेर निघून गेली. तिला काय वाटलं असेल या विचाराने सुकदेव अजूनही ओशाळतो. गर्दीतून उज्ज्वला जवळ आली, तिने त्याच्या हातावर रोटाचा तुकडा ठेवला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "नथ भारी करी तुम्ही." त्या कामाबद्दल त्याला मिळालेली शाबासकी ती एवढीच, आणि तीही कुणाला सांगायची सोय नव्हती.

सोमवारी कानबाई कालव्यावर निघाली. सांगाड्यावरून साडी सोडवायला कुणाचा हात पोचेना, तेव्हा सुकदेवनेच एकेक निरी उतरवून दिली. निशिगंध पाण्यावर पसरून दूर गेला. तो काठावर उभा राहून बघत होता आणि त्याला फार वाईट वाटत होतं.

परत आल्यावर शेठने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. चहा मागवला. माताजींच्या पायगुणाने व्यापारी दुकानांसाठी रांगा लावतायत असं सांगितलं, आणि सुकदेव तिच्याच समाजाचा दिसतो म्हणून एक काम सोपवलं.

"अगले साल माताजी पधारेंगे तो तैयारी अच्छी होनी चाहिए," शेठ म्हणाले. "कोई बढ़िया फूलवाला ध्यान में रखना."

सुकदेवने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "देखता हूँ, शेठ."