हिरामणने दिवा भाजला

पिंपळगाव बसवंतच्या हिरामणला कुणी 'तुला जमायचं नाय' म्हटलं नसतं, तर पुढचं रामायण झालंच नसतं. पण द्राक्षांच्या पॅकहाउसचा सुपरवायझर धनराज नेमकं तेच म्हणाला.

"हिरामण, तुझ्या ट्रकला दिवे हायेत का उदबत्त्या? पहाटे घाटात धुकं असतं, माल घेऊन दरीत जाशील. आज रात्री आठच्या आत दिवे बदलून गाडी लाव, नायतर यंदाच्या सीझनची वाशीची फेरी दुसऱ्याला देतो. आणि मेकॅनिककडून बसवून घे बरं. तुला जमायचं नाय."

आख्ख्या सीझनची फेरी पणाला लागली होती. पण हिरामणच्या डोक्यात राहिलं फक्त शेवटचं वाक्य. (पुरुषांचे कान चाळणीसारखे असतात. कामाचं खाली गळतं, अपमान तेवढा वर राहतो.)

त्याने नाशिकहून प्रोजेक्टरची, म्हणजे दिव्यात बसवायच्या भिंगवाल्या बल्बांची, जोडी आणली. मोबाइलवर एक व्हिडिओ दोनदा बघितला आणि शिक्षण पुरं झालं. दिव्याची पुढची काच गोंदाने चिकटवलेली असते. जुना दिवा ओव्हनमध्ये दहा मिनिटं भाजायचा, गोंद मऊ झाला की काच सुटते, मग आत नवा प्रोजेक्टर बसवायचा. सोप्पं!

घरात ओव्हन होता, पण तो बायकोचा, शुभांगीचा. बचत गटाची नानकटाई ती त्यात करायची आणि त्याला नवऱ्यापेक्षा जास्त पुसायची. ती निफाडला गटाच्या मीटिंगला गेलेली. हिरामणने दिवा तिरका करून आत कोंबला आणि बटण फिरवलं.

वासाने त्याची आई, चतुराबाई, आत आल्या.

"काय जाळतोस रे?"

"दिवा भाजतोय, आई."

"दिवे भाजत नाय, उकडत्यात. आणि दिव्यांच्या अमावस्येला अजून पाच महिने हायेत."

"अगं, गाडीचा दिवा हाय हा!"

"मंग? गाडीचा म्हणून दिवा नाय का तो?"

भाजून काच सुटली, प्रोजेक्टर बसला. काच परत चिकटवायला नवा गोंद हवा होता, तो ट्रकच्या केबिनमध्ये राहिलेला. हिरामण तो आणायला गेला तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारणीने, मालनबाईने, हटकलं.

"हिरामणभाऊ, काय नवीन आणलं?"

"प्रोजेक्टर!" छाती काढून तो म्हणाला. "दिवेलागणीला बघा, समोरच्या भिंतीवर नुस्ता उजेड!"

मालनबाईला पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. ती तडक कॉलनीत सांगत सुटली.

इकडे चतुराबाई उघड्या दिव्यासमोर बसल्या होत्या. नवा दिवा पुजल्याशिवाय लावायचा, ही रीत कुठल्या घरची? त्यांनी दिव्याला हळदकुंकू वाहिलं, नैवेद्याला गुळाचा खडा आतच ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले. हिरामण परत आला तेव्हा गूळ भाजक्या दिव्यात पाघळून चिकटला होता.

"आई, हे काय केलंस!"

"दिव्याला गोडाचं दाखवलं. तुझ्या व्हिडिओवाल्याला आई नसंल."

त्याने फडक्याने गूळ पुसला (पुरुष पुसतात तसा, म्हणजे चारी बाजूंना पसरवला), काच चिकटवली, दुसरा दिवाही तसाच उरकला आणि दोन्ही ट्रकला बसवले.

दिवेलागणीला तो बाहेर आला आणि बघतच राहिला. मालनबाईच्या पांढऱ्या भिंतीसमोर सतरंज्या पसरलेल्या. बायका, म्हातारे, मुरमुऱ्याचा डबा. एकजण तर खुर्ची घेऊन आलेला.

"लाव की पिक्चर!" कुणीतरी ओरडलं.

"अहो, पिक्चर नाय, हे गाडीचे..."

"जाहिराती नको, डायरेक लाव!"

हिरामणने केबिनमध्ये चढून बटण दाबलं. भिंतीवर दुधासारखा उजेड पडला. वरची कड सरळ, पट्टीने आखल्यासारखी. त्याचा ऊर भरून आला. आणि त्या कडेवरून, पाय वर, डोकं खाली, रेड्याएवढी एक मुंगी चालत आली.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने चप्पल उगारली. आरडाओरडा झाला.

"प्राण्यांचं चॅनल हाय वाटतं," मालनबाई म्हणाली. "पण उलटं लावलंय, भाऊ. सुलटं करा!"

गुळाच्या वासाने मुंगी दिव्यात भिंगामागे शिरली होती, म्हणून उलटी आणि एवढी मोठी दिसत होती, आणि हिरामणने काच चिकटवून तिला आतच कोंडलं होतं. त्याने खाली उतरून दिव्यावर थाप मारली. मुंगी भिंतभर धावली. टाळ्या पडल्या. लोकांनी मोबाइल काढले.

आता दिवा परत भाजून उघडणं, हाच इलाज. तो घरात धावला. ओव्हनसमोर पदर खोचून शुभांगी उभी होती.

"अहो, ह्यात काय भाजलंत? टायर?"

"दिवा. अजून एकदाच भाजू दे, दहा मिनिटं! सीझनची फेरी जाईल गं!"

"त्याच्याआधी मला आत बसवा, आणि मग लावा बटण."

शुभांगी आत मावणार नव्हती आणि बाजूलाही होणार नव्हती. हिरामण तसाच गाडी घेऊन निघणार, तोच धनराजचा फोन आला.

"हिरामण, तुझ्या गाडीत मुंग्या झाल्यात?"

"गाडीत नाय हो, दिव्यात. आणि एकच हाय, बारीकशी."

"बारीकशी? मी व्हिडिओ बघितला. भिंतीवर मावंना! माझा माल परदेशात जातो, वाशीला तपासणीत पेटीत एक जरी मुंगी निघाली तर मला सगळा परत यील. तू नको येऊस."

फेरी गेली. पुढच्या आठवड्यात हिरामणला काम मिळालं ते लासलगावहून नाशिकला कांदा न्यायचं. सकाळी लिलाव, दुपारी भरणी, ऊन असतानाच माल खाली. अंधार पडायच्या आत गाडी दारात.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दोनला त्याला हवालदाराने कागदपत्रांसाठी अडवलं. हिरामण कागद न काढताच हसत खाली उतरला.

"साहेब, आधी दिवे तर बघा. प्रोजेक्टर! स्वतः घरी बसवलेत, मेकॅनिक नाय काय नाय."

हवालदाराने कपाळावर हात आडवा धरला, वाकून दोन्ही दिव्यांकडे निरखून बघितलं.

"बरं," तो म्हणाला, "लावून दाखव."

हिरामणने केबिनमध्ये डोकावून बटण बघितलं.

"लावलेलेच हायेत, साहेब."