चार तक्ते

भांडण छत्रीवरून झालं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत धाकट्या मनिरामने थोरल्या भावाची, केशोराव गुरुजींची, नवीकोरी छत्री हरवली आणि आठ दिवसांत अर्जुनीच्या त्या घरात दोन चुली पेटल्या. माजघर मधोमध बंद करायचं ठरलं. मातीची भिंत वाळायला पंधरा दिवस लागतात. गुरुजींच्या रागाला एवढा धीर नव्हता. मग गोंदियाहून प्लायवूड आणायचं ठरलं.

बकाराम सुताराने कोपरापासून हात टेकवत माप घेतलं. "आठ हात लांब, पाच हात उंच."

"म्हणजे चाळीस." गुरुजींनी पाटीवर लिहिलं. "हात दीड फुटाचा. चाळीस दिढे साठ. तक्ता पाच बाय तीनचा, म्हणजे पंधरा. चार तक्ते!"

"गुरुजी, मले कमी वाटून राहिले."

"गणित तू शिकवतोस का मी?"

बकारामने पेन्सिल कानामागे खोचली. मनिराम दारात उभा होता. त्याने पाटीवरचा हिशोब नीट पाहिला.

चार तक्ते आले, शेजारी शेजारी उभे राहिले आणि लांबी चोख भरली. वर मात्र अडीच फूट उघडं राहिलं. गुरुजींनी तीनदा दिडकीचा पाढा म्हणून पाहिला. दिडकी बरोबर होती. "घरच वाकडं आहे," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी वीस वर्षांत पहिल्यांदा गुरुजी एकटे जेवायला बसले. ते नुसताच भात चिवडत होते. तेवढ्यात तक्त्यावरून मनिरामचं डोकं वर आलं आणि पाठोपाठ वांग्याच्या भाजीची वाटी.

"वयनी, दादाले दे. गरम आहे."

गुरुजींच्या बायकोने, धुरपताबाईंनी, वाटी घेतली. गुरुजी राग दाखवायला उठून तक्त्यापाशी गेले, पण ते पाच फुटांहून दोन बोटं कमी. त्यांना समोर नुसतं लाकूड दिसत होतं.

"दादा, गनित चुकलं तुह्यं," लाकडापलीकडून आवाज आला. "धानाची बांधी दीडपट लांब अन् दीडपट रुंद केली, त रोपं दीडपट पुरतेत का? सव्वादोनपट लागतेत. चाळिसाचे नव्वद होतेत. सहा तक्ते पाह्यजेत."

गुरुजींनी पाटी ओढली, मांडलं आणि बराच वेळ त्या नव्वदाकडे बघत राहिले. शाळेत चार इयत्ताही न काढलेल्या भावाने त्यांना धडा दिला होता.

"तुले मालूम होतं, त काऊन नाही सांगतलं?" रागाच्या भरात गुरुजींची शाळेतली भाषा सुटली.

पलीकडचा आवाज हळू झाला.

"सांगतलं असतं, त तू सहा आनले असते."

गुरुजींनी पाटी पुसली. वाटीतली भाजी भातावर घेतली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मिरचीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी बकाराम आला. "गुरुजी, बाकीचे दोन तक्ते कधी आनता?"

"ते राहू दे," गुरुजी खाकरले. "मले उभं राहाले एक पाट करून दे. चांगला हातभर उंच."