चोपदाराचा दम व मुखपट्टीचें कापड, याची हकीकत

श्री आरोग्यदेवता प्रसन्न. शके सत्राशें बेचाळीस, विक्रम नाम संवत्सरीं, चैत्रमासीं राज्यावर सूर्याचा अंमल कडक जाहला आणि त्यांतच खोकल्याची सांथ शिरली. तेव्हां महाराजांनीं हुकूम फर्माविला कीं, दरबारीं येणारानें नाकतोंड झांकावें, आणि दरबारची इभ्रत थोर, सबब पट्टी जाड जरीच्या किनखापाचीच असावी. आतां या दरबारीं चाल ऐसी कीं, चोपदारानें महाराजांचीं एकवीस बिरुदें एका दमांत ललकारावीं. मध्यें श्वास घेतला तर काठी खालीं ठेवून घरीं जावें. सटवोजी चोपदारांचा दम तीस वर्षें तुटला नव्हता. अक्षय्यतृतीयेचा दरबार पांच दिवसांवर आला आणि त्यांनीं किनखाप बांधून सराव केला, तों सातव्या बिरुदाशींच डोळे पांढरे जाहले. मग ते राजवस्त्रें सांभाळणाऱ्या जामदारखान्याचे दारोगे धोंडोपंत यांजकडे धांवले आणि म्हणाले, "पंत, माझी काठी गेली म्हणून समजा!"

धोंडोपंतांनीं चौकशी आरंभिली. कोणी सांगे रेशीम थंड, कोणी सांगे जाड तितकें गुणकारी. पंतांनीं सर्वांचें ऐकिलें आणि कोणाचेंही मानिलें नाहीं. मग आरसा वीतभर अंतरावर मांडिला आणि सटवोजींस तपकीर ओढवून प्रथम उघड्या तोंडानें शिंकविलें. शिंतोडे एकशें बारा पडले.

"अहो पंत, मोजतां काय? पुसा तरी!"

"मोजल्यावांचून पुसूं कसा? ओढा दुसरी चिमूट."

मग प्रत्येक कापडास तीन शिंका, चिमूट तेवढीच, अंतर तेंच. एकेरी मलमलींत दम सुखाचा, परंतु शिंतोडे साठ. किनखापांतून समोर एकही नाहीं. तरी संतुष्ट न होतां पंतांनीं दुसरा आरसा गालाशीं धरिला, तों कोंडलेला वारा बाजूनें निसटून तेथें चाळीस! अखेरीस पंतांनीं आपलेंच घट्ट विणीचें, धुवून धुवून मऊ जाहलेलें सुती धोतर फाडिलें आणि दुपदरी करून बांधिलें. समोर नऊ, बाजूस तीन, आणि दम एकविसाव्या बिरुदापावेतों पोहोंचला.

"पण पंत, तुमचें धोतर माझ्या तोंडास?"

"धुतलेलें आहे. शंका असल्यास पुन्हां धुवूं."

"शंका धोतराची नाहीं हो, महाराजांची आहे!"

दरबाराचे दिवशीं सटवोजी पांढरी पट्टी बांधून उभे राहिले, महाराजांनीं भिवई चढविली, आणि एकवीस बिरुदें एका दमांत घुमलीं. महाराज कांहीं बोलावयास गेले, परंतु किनखापांतून शब्द निघेना आणि मुद्रा डाळिंबासारखी लाल जाहली. मग त्यांनीं किनखाप उतरवून श्वास घेतला आणि पुसिलें, "धोंडोपंत, हें कापड कोठलें?"

पंतांनीं मान लवविली. "सरकार, सेवकाचें जुनें धोतर."

दरबार गार पडला. महाराजांनीं हातांतला किनखाप बाजूस टाकिला. "आणिक आहे?"

येणेंप्रमाणें चोपदारकी सटवोजींकडेच राहिली. तात्पर्य, उन्हाळ्यांत पट्टी मऊ सुती, घट्ट विणीची, दुपदरी असावी. घामानें भिजतांच पालटावी. पुढें राज्यांतील खोकला ओसरला, तो पट्टीनें कीं ऋतु पालटल्यानें, हें मात्र धोंडोपंतांनीं अद्याप सिद्ध मानिलें नाहीं.