समुद्रकाठच्या सायकलीचे फायदे व तोटे

कोणत्याही वस्तूला दोन बाजू असतात, आणि त्या दोन्ही बाजू सारख्याच लांबीच्या भरल्याशिवाय कार्यालयाला ती वस्तू दिसत नाही. आलापल्लीच्या आमच्या कार्यालयात या बाजू सारख्या करून देण्याचं काम माझ्याकडे होतं. मी संघपाल उंदीरवाडे, मूळचा वडशाचा, वरिष्ठ लिपिक. (कार्यालयाचं नाव देत नाही. ते पुढे दुसऱ्या कार्यालयात विलीन झालं आणि ते दुसरं तिसऱ्यात.) माझा लौकिक असा होता की कुणी मला विहिरीत ढकललं असतं, तरी मी पाण्याला लागेपर्यंत कागदावर दोन रकाने आखून घेतले असते.

२००१ च्या उन्हाळ्यात वरून एक फॉर्म आला. परदेशातली कुठलीशी दानशूर संस्था ग्रामीण आरोग्याच्या कामासाठी सायकली देणार होती. फॉर्ममध्ये चौदावा प्रश्न होता, ‘आपल्या कार्यक्षेत्रास किनारा आहे काय?’ मी खोटं लिहीत नाही. आमच्याकडे नद्या आहेत, नाले आहेत, आणि प्रत्येकाला दोन-दोन किनारे आहेत. मी लिहिलं, ‘होय. मुबलक.’

नोव्हेंबरात ट्रक आला. त्यातून बारा सायकली उतरल्या आणि बघायला निम्मं गाव जमलं. सायकली पिवळ्या आणि आकाशी होत्या. हँडल गव्याच्या शिंगांसारखं दोन्हीकडे पसरलेलं. सीट जेवायला बसायच्या पाटाएवढं. टायर मोटारसायकलला लाजवणारे. कॅरिअर नाही, घंटी नाही, हाताचा ब्रेक नाही. मधल्या दांड्यावर लाटांचं आणि माडाचं चित्र होतं. आमच्या भागात माड कुणी पाहिलेला नसल्यामुळे लोकांनी ते झाड शिंदीचं ठरवलं, आणि सरकार आता ताडीचा प्रचार सायकलवरून करणार, अशी बातमी संध्याकाळपर्यंत अहेरीला पोचली.

सोबतच्या पत्रावरून कळलं, की ही सायकल समुद्रकाठच्या वाळूत हवा खात फिरण्यासाठी बनवतात. आलापल्लीहून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब आहे. साहेबांनी मला बोलावलं.

“उंदीरवाडे, किनारा आहे असं कोणी लिहिलं?”

“मीच, साहेब.”

“मग आता तुम्हीच चालवा.”

आदेश निघाला. सायकली जंगलातल्या बारा गावांच्या आरोग्य कार्यकर्त्यांना द्यायच्या होत्या. पण त्याआधी एका कर्मचाऱ्याने एक महिना त्यावर बसून फायदे व तोटे यांचा अहवाल सादर करावा. मी शेवटची सायकल चालवली होती त्याला एकोणीस वर्षं झाली होती. ती माझ्या सासऱ्यांची होती आणि तिला ब्रेक होता.

पहिल्याच दिवशी मी कार्यालयाच्या उतारावरून बाजाराकडे निघालो. उतार संपत आला तशी दोन्ही हातांची बोटं ब्रेक शोधू लागली. ब्रेक नव्हताच. उताराच्या पायथ्याशी अयूबभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी त्यात बसल्या बसल्या शिरलो आणि टायरट्यूबच्या ढिगाऱ्यात थांबलो.

अयूबभाई हातातला पाना खाली न ठेवता म्हणाले, “आओ साहेब. लोक सायकल हातात धरून येतात. तुमी पह्यले, जे वरती बसून आले.”

“अयूबभाई, हिला ब्रेकच नाही.”

त्यांनी सायकल उभी केली, पेडल हाताने उलटं दाबलं आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. “ब्रेक हाय ना. पायात हाय. उलटा मारा, रुकते. तुमच्या हापिसासारखीच गाडी हाय साहेब, उलटं चाललं की बरोबर थांबते.”

मी घरी जाऊन फायद्यांच्या रकान्यात लिहिलं, ‘ब्रेकची तार तुटण्याचा संभव नाही.’ आणि तोट्यांच्या रकान्यात लिहिलं, ‘ही गोष्ट चालकास उशिरा समजते.’

त्या महिन्यात मी एकूण एकोणीस वेळा पडलो. पैकी सात वेळा ब्रेकमुळे. चार वेळा रुंद हँडल लाकूड डेपोतल्या सागाच्या थप्प्यांमध्ये अडकून. तीन वेळा समोरून वरिष्ठ आल्यामुळे नमस्कारासाठी हात सोडून. एकदा कुत्र्यामुळे. उरलेल्या चार वेळांचं कारण नोंदवता आलं नाही. (लोक बघत होते, एवढंच सांगता येईल.) परंतु या सायकलवर ताठ बसावं लागतं, छाती पुढे येते, आणि सामान्य लिपिकही पाहणी दौऱ्यावर निघालेला मोठा अधिकारी दिसतो. एका गावात तर मला खाणीसाठी सूरजागडच्या डोंगराची मोजणी करणारा समजून लोक दारं लावून बसले. मी हा मुद्दा दोन्ही रकान्यांत लिहिला.

त्या बारा कार्यकर्त्यांमध्ये एक रुखमाबाई होती. रुखमा मेश्राम, वय तीस-बत्तीस, आवाज खणखणीत. तिचं गाव नाल्यापलीकडे, आलापल्लीपासून अकरा किलोमीटर. दर सोमवारी ती औषधांची पेटी डोक्यावर घेऊन चालत यायची आणि भरलेली पेटी घेऊन चालत जायची. सायकली आल्याचं कळल्यापासून ती माझ्या टेबलासमोर उभी राहून एकच विचारायची.

“भाऊ, सायकल कधी देता?”

“अभ्यास सुरू आहे, बाई.”

“तुमचा का सायकलचा?”

असे सोळा सोमवार झाले. (यात उपवासाचा संबंध नाही. औषधवाटपाचा दिवसच सोमवार होता.)

त्यांपैकीच जानेवारीतल्या एका सोमवारी ती म्हणाली, “भाऊ, तुमी पडून राह्यले म्हणून मले देत नाई का? एक चक्कर मले मारू द्या.” परीक्षणात दुसऱ्या व्यक्तीचं मत घेण्यास मनाई नव्हती, म्हणून मी दिली. रुखमाबाईने पदर खोचला. मधला दांडा खाली वाकलेला होता, त्यामुळे लुगड्याला अडथळा झाला नाही. कार्यालयाच्या आवारात तिने दोन चकरा मारल्या, पेडल उलटं दाबून माझ्या पायापासून वीतभर अंतरावर थांबली आणि म्हणाली, “चला, नाल्यावर पाहू.”

आम्ही गावाजवळच्या नाल्यावर गेलो. हिवाळ्यातच हा नाला कोरडा पडतो आणि त्यात घोट्याएवढी वाळू उरते. साधी सायकल तिथे खांद्यावर घ्यावी लागते, जीप तर रुततेच. रुखमाबाई बसली आणि त्या जाड टायरांवरून या काठाहून त्या काठाला सरळ निघून गेली. पलीकडून तिने आवाज दिला, “भाऊ, हे सायकल समुद्राची नाई, आमच्या नाल्याची हाय!”

मला खरंच आनंद झाला. लगेच भीतीही वाटली, कारण फायद्यांचे मुद्दे तेवीस झाले होते आणि तोटे बावीसच होते.

अयूबभाई सोबत आले होते. ते म्हणाले, “पेटीसाठी कॅरिअर मी लावून देतो. लोखंड पडलंय दुकानात. बाईसाठी करतो, कागद नको.” कागद नको, हे शब्द ऐकून मी विषय बदलला.

तेविसावा तोटा शोधायला मला तीन दिवस लागले. शेवटी सापडला तो असा, ‘सायकल अतिशय सोयीची असल्याने कार्यकर्त्यांची चालण्याची सवय मोडण्याची शक्यता आहे.’ वाक्य लिहून झाल्यावर मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भाकरी थापू लागली. मी तिचं मौन संमती म्हणून नोंदवलं.

साहेबांना अहवाल फार आवडला. विशेषतः शेवटचा मुद्दा. “एवढा समतोल मी पाहिला नाही,” ते म्हणाले, आणि अहवालावर शेरा मारला, ‘दोन्ही बाजू समान. तूर्त वाटप करू नये. पुढील पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावे.’

मार्चमधला तो सोमवार. सकाळचे अकरा वाजले होते. रुखमाबाई औषधं मोजून घेत होती. एवढ्यात तिच्या गावचा लालसू मडावी धावत आला. अंगावरचा सदरा घामाने चिकटलेला. त्याला धड बोलता येत नव्हतं. त्याची बायको सीता बाळंतपणाला आडवी झाली होती, कळा कालपासून सुरू होत्या आणि पोर अडलं होतं.

रुखमाबाईने पेटीचं झाकण लावलं. “भाऊ, जीप?”

जीप साहेबांसोबत चंद्रपूरला गेली होती. ती असती तरी नाल्यापर्यंतच गेली असती.

“मंग सायकल द्या.”

परीक्षणाची पिवळी सायकल माझ्या खिडकीखाली भिंतीला टेकून उभी होती. मी म्हणालो, “बाई, निर्णय प्रलंबित आहे.”

“भाऊ, चालत अडीच तास लागतीन मले. पायावर काऊन पाठवता?”

“मी साहेबांना विचारतो,” असं म्हणून मी फोन उचलला. चंद्रपूरची लाइन लागेना. मी तीनदा नंबर फिरवला. मी काही दगडाचा माणूस नाही. मनात मी म्हणत होतो, लाग बाबा, लाग. चौथ्यांदा फिरवताना खिडकीतून बघितलं तेव्हा भिंत मोकळी होती. रुखमाबाई फाटकाबाहेर पडली होती, पेटी लालसूच्या दुपट्ट्याने हँडलला बांधली होती आणि लालसू मागून पळत होता. मी फोन ठेवला नाही. कानाला तसाच धरून उभा राहिलो. कुणी विचारलं असतं तर मी परवानगी मागत होतो, हे खरं ठरलं असतं.

ती पाऊण तासात पोचली. बाळ बाहेर आलं तेव्हा निळं पडलं होतं आणि रडत नव्हतं. रुखमाबाईने त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तोंडाने श्वास दिला. बऱ्याच वेळाने ते रडलं. मुलगी होती. दोघी वाचल्या. आठवड्याने आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, की अजून एक तास गेला असता तर दोघींपैकी कुणाबद्दलच काही सांगता आलं नसतं.

मंगळवारी साहेब परतले. त्यांनी सायकली मोजल्या. अकरा भरल्या.

नोटीस मी लिहिली. ‘आपण शासकीय मालकीची सायकल विनापरवानगी नेल्याचे निदर्शनास आले आहे. सदर सायकल तात्काळ जमा करावी व खुलासा सादर करावा.’ मसुदा उत्तम झाला होता, एकाही शब्दाखाली साहेबांनी रेघ मारली नाही. नोटीस पोचवायलाही मलाच जावं लागलं, कारण सायकल चालवण्याचा अनुभव असलेला मी कार्यालयातला एकमेव कर्मचारी होतो. आकाशी रंगाची एक सायकल मला रीतसर मंजूर झाली. अर्ज केल्यापासून दहा मिनिटांत.

त्या दिवशी मी एकदाही पडलो नाही. नाल्याची वाळूही सहज पार केली.

सीता ओसरीत भिंतीला टेकून बसली होती आणि मांडीवर फडक्यात गुंडाळलेली मुलगी होती. लालसूने मला खाट टाकली, पाणी दिलं. मी सायकलवरून मुलीला बघायला आलो, असंच त्याला वाटलं. रुखमाबाई आतून हात पुसत आली. मी नोटीस पुढे केली. तिने ती उभ्यानेच वाचली, शेवटपर्यंत.

“हे तुमीच लिवलं?”

“हो.”

“अक्षर चांगलं हाय.”

“बाई, मी त हुकमाचा माणूस. माझ्या हातात काही नाई.”

“पेन होता ना, भाऊ,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. मग तिने पिवळी सायकल आडोशातून बाहेर काढली. “घेऊन जा. पण दोन सायकली एकटे कसे नेसान?”

याचा विचार नोटिशीत झाला नव्हता. एक हँडल एका हातात नि दुसरं दुसऱ्या हातात घेऊन मी चार पावलं गेलो आणि दोन्ही सायकली एकमेकींत गुंतून मी त्यांच्याखाली गेलो. सीता हसली. मग कळ आली म्हणून पोट धरून थांबली आणि पुन्हा हसली.

रुखमाबाईने पिवळी सायकल उचलली. “चला. मले पलीकडच्या गावात लस द्याची हाय. रस्त्यापर्यंत येतो.”

आम्ही दोघं सात किलोमीटर चालत आलो. ती एक सायकल ढकलत होती, मी एक. दोघांपैकी कुणीही बसलं नाही. तिला परवानगी नव्हती, आणि तिच्या शेजारी मला बसवेना. रस्ता फुटला तिथे तिने पिवळ्या सायकलचं हँडल माझ्या हातात दिलं, पेटी सोडून डोक्यावर घेतली आणि पायवाटेने सागाच्या झाडांत निघून गेली. मागे वळून बघितलं नाही. माझ्याकडे बघण्यासारखं काही नव्हतंही.

उरलेले चार किलोमीटर मी दोन सायकली ओढत आणल्या. अयूबभाई दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्यांच्या पुढ्यात पेटीच्या मापाचं कॅरिअर तयार होऊन पडलं होतं, रंगाचा ओला हात दिलेलं. त्यांनी दोन सायकली बघितल्या.

“बाई कुठी हाय?”

“चालत गेली.”

त्यांनी ते कॅरिअर उचललं, आत नेलं आणि बाहेर येऊन दुसऱ्याच कुणाच्या सायकलचं पंक्चर काढायला बसले. माझ्याशी ते त्यानंतर वर्षभर बोलले नाहीत. (दुरुस्तीचं काम मात्र करून द्यायचे. त्यामुळे शासकीय कामात अडथळा आला नाही.)

पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणी झाली. तोपर्यंत गोदामात टायर चिरले होते, आणि तो चोविसावा तोटा म्हणून नोंदवला गेल्यामुळे निर्णय सोपा झाला. रुखमाबाई पुढे सात वर्षं त्याच वाटेने चालत आली. माझा अहवाल नमुना म्हणून प्रशिक्षणात वाटला गेला, आणि एकदा गडचिरोलीला ‘तटस्थ लेखन’ या विषयावर माझं व्याख्यानही झालं. टाळ्या पडल्या.

आता मी निवृत्त आहे आणि ही हकिकत येईल त्याला सांगतो. ऐकणारे आधी माझ्यावर चिडतात. तो त्यांचा हक्क आहे. मग चहा संपता संपता बहुतेक जण हळूच म्हणतात, “बाईचं बरोबरच होतं म्हणा, पण तशी विचारून न्यायला पाहिजे होती.” वाचता वाचता हे वाक्य तुमच्याही मनात येऊन गेलं असेल. लाजू नका, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या मनात येतं. इतका समतोल मुद्दा मलासुद्धा सुचला नव्हता. अहवालाची स्थळप्रत माझ्याकडे आहे, आणि तोट्यांच्या रकान्यात खाली एका ओळीची जागा आहे. तुमचं पूर्ण नाव तेवढं सांगा.